सोनारशाळेचा धूर

‘आमचे दागिने निसर्गास अपाय न करता घडविलेले आहेत’ असे एखादी लहानशी पेढी जाहिरातीत सांगू लागली, म्हणजे ते पारखावे कसे, हा प्रश्न सुजाण गृहस्थास पडतो. त्याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको, असे आम्हांस वाटते. हिंगोलीसारख्या प्रदेशातील जुन्या सोनारशाळेचा इतिहास डोळसपणे पाहिला, तरी पुष्कळ उमगते.

हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. परभणीपासून निराळा होऊन तो जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. ही ज्वारी-कापसाची जमीन. येथे सोने निघत नाही. त्यामुळे खेड्यातील सोनाराच्या मुशीत पडे ते सोने बहुधा जुनेच. सासूची पुतळ्यांची माळ मोडून सुनेच्या पाटल्या होत. दुष्काळी वर्षी विकलेला डाग पुढे दुसऱ्याच घरी निराळ्या रूपाने शिरे. तांड्यावरील बंजारा स्त्रियांच्या अंगावर तर चलनातील नाणीच ओवलेली असत. शिवाय ९६ गुंजांचा तोळा मोजणारा हा माणूस कणही सांडू देत नसे. कानशीचा कीस, बागेसरीतील राख, जमिनीवरचा केर, सारे तो जपून ठेवी. झारेकरी ते विकत घेऊन धुई व त्यातून सोने काढी.

हे वाचून पूर्वजांच्या निसर्गप्रेमाचे गोडवे गाण्याचा मोह होतो, तो आवरावा. ती काटकसर होती, आणि तिचे मूळ गरिबीत होते. त्याच झारेकऱ्याच्या धंद्यात बारीक कण धरण्यास पारा वापरीत. पारा सोन्यास धरी, मग विस्तवावर उडे, आणि तो उडाला की पहिला त्याच्याच छातीत जाई.

तरीही जुन्या सोन्याचे मोल कमी होत नाही. निजामाच्या राज्यातच रायचूरकडे हट्टीला सोन्याची खाण होती. त्याहून मोठी म्हैसूर राज्यातील कोलारची, जी २००१ साली बंद पडली. माणसे गेली, पण सायनाइडने धुतलेल्या मातीचे डोंगर तेथे उभेच आहेत. टनभर खडक दळावा तेव्हा हाती लागते ते काही ग्रॅम सोने. म्हणून पेढीस पहिला प्रश्न विचारावयाचा तो हाच की, धातू मोडीचा की नवा? मोडीचा असल्यास तिच्या वहीत तशी नोंद सापडेल. नव्या सोन्याच्या बिस्किटावर मात्र शुद्धीकरण करणाऱ्याचा शिक्का असतो, खाणीचा नसतो. तेव्हा ‘खाण ठाऊक नाही’ असे मोकळेपणी सांगणारा सराफ आम्हांस अधिक विश्वासाचा वाटतो.

खरी गोम पुढेच आहे. सांधा जोडण्यास पूर्वी तांबे-चांदी मिसळलेला डाक लावीत. त्याने कस उतरे, आणि मोडीच्या वेळी गिऱ्हाइकाची तक्रार येई. त्यावर तोड म्हणून कॅडमियम आले. ९२ भाग सोने आणि ८ भाग कॅडमियम असा डाक केला की सांध्याचाही कस बावीस कॅरटचा राहतो. ‘केडीएम’ ही अक्षरे आपल्या घरांतून किती अभिमानाने उच्चारली गेली! परंतु कॅडमियम सुमारे ७६७ अंश सेल्सियसला उकळते, म्हणजे सोने वितळण्याच्या कितीतरी आधी. वाकनळीने ज्योत फुंकणाऱ्या कारागिरास तो धूर तोंडाशीच भेटतो, आणि त्याने फुप्फुसे व मूत्रपिंडे बिघडतात. नरहरी सोनारांनी देहास बागेसरीची उपमा दिली ती भक्तीच्या अर्थाने. या कारागिरांच्या बाबतीत ती निराळ्याच अर्थाने खरी ठरली.

सरकारने कसाची चिंता वेळोवेळी वाहिली. १९६३ साली सुवर्णनियंत्रण आले, १४ कॅरटहून अधिक कसाचे दागिने घडविण्यास बंदी झाली, आणि कितीएक सोनारांच्या बागेसऱ्या विझल्या. तो कायदा १९९० मध्ये उठला. पुढे २००० पासून हॉलमार्क आला. हॉलमार्क कसाची ग्वाही देतो, धुराची देत नाही. जस्ताचे, इंडियमचे डाक आता मिळतात. ते थोडे महाग पडतात, इतकेच. पेढीत दागिना पसंत करून झाला की आतल्या खोलीत डोकावण्याची परवानगी मागावी. तेथे डाक कशाचा आहे, धूर बाहेर जाण्यास वाट आहे काय, आणि तेजाबाचे वापरलेले पाणी कोठे ओततात, हे विचारण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत.