मेणवलीचा वाडा कोणाचा?

'वाडा चिरेबंदी' शिकवताना माजघर म्हणजे काय, हे सांगण्यापाशी आम्ही दरवर्षी अडतो. शब्दार्थ सांगून भागत नाही, कारण माजघर ही नुसती खोली नव्हे. घरात कोणी कोठवर यायचे, याची ती सीमा असते. ही सीमा प्रत्यक्ष पाहायची असेल, तर वाईजवळच्या मेणवलीस जावे.

कृष्णाकाठचा तेथील वाडा नाना फडणवीसांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधला. बाहेरून तो गढीसारखा अबोल दिसतो: जाड भिंती आणि भक्कम दरवाजा. आत मात्र एकामागून एक सहा चौक उलगडत जातात. घराला उजेड आणि वारा मिळतो तो रस्त्याकडून नव्हे, या चौकांतून. परका माणूस सदरेवर थांबे, आप्त पुढे जाई. माजघर आणि स्वयंपाकघर अगदी आतले. भिंतींवर जुनी चित्रे आहेत. मागे उतरले की घाट, आणि घाटावर मेणेश्वराचे देऊळ.

वाडा नानांचा, हे खरेच. पण नाना राज्यकारभारात गुंतलेले. त्यांचे आयुष्य मुख्यतः पुण्यात गेले. १८०० साली ते वारले, तेव्हा त्यांची पत्नी जिऊबाई जेमतेम बालवयाची होती. दुसऱ्या बाजीरावाने तिला अटकेत ठेवले. वेलस्लीच्या मध्यस्थीने तिची सुटका झाली आणि काही काळ ती पनवेलीस राहिली. मेणवली तिला परत मिळाली ती पेशवाई बुडाल्यावर, माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना. त्यानंतर दीर्घकाळ ती याच वाड्यात राहिली आणि दत्तक घेऊन तिने घराणे पुढे चालवले.

नानांचे कागद, म्हणजे 'मेणवली दप्तर', याच वाड्यात होते. पुढे द. ब. पारसनीसांसारख्या संग्राहकाच्या हाती ते आले आणि पेशवाईच्या इतिहासाचे मोठे साधन ठरले. त्या कागदांत आम्ही मुत्सद्दी नाना शोधतो. कागद ज्या घरात टिकले, ते घर पुन्हा वसवणारी विधवा मात्र तळटीपेतच राहते.

इतिहास सदरेवर लिहिला जातो. तो टिकतो बहुधा माजघरात. विद्यार्थ्यांना माजघराचा अर्थ सांगताना यापुढे जिऊबाईचे नाव घ्यायचे, असे आम्ही ठरवले आहे.