फूड कोर्टपासून बाल न्याय मंडळापर्यंत : प्रस्तावना

चिकलठाणा एमआयडीसीत २०१० साली प्रोझोन मॉल उघडला आणि छत्रपती संभाजीनगरच्या तरुण मंडळींना भर उन्हाळ्यातही निवांत बसता येईल अशी गार जागा मिळाली. त्याआधी ही गर्दी सिडकोतल्या कॅनॉट प्लेसला, निराला बाजारात, गुलमंडीच्या कोपऱ्यांवर जमायची, आजही जमते. पोरे जमली की अधूनमधून भांडण पेटतेच. मॉल असो की बाजार, आपण दुसऱ्या दिवशी ‘तरुणांचा राडा’ असा मथळा वाचतो आणि पान उलटतो. त्या मथळ्यानंतर कागदावर काय घडते, सरकारी वकील त्यात कुठे येतो आणि काय करू शकतो, हा या अभ्यासाचा विषय आहे. तो रुक्ष वाटेल अशी शंका वाचकांच्या मनात आली, तर तिचा मी आदर करतो. फक्त दोन-तीन पाने सोबत चालावे, एवढीच विनंती.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. शनिवारची संध्याकाळ, फूड कोर्टात दोन टोळकी, मध्ये तीन टेबले. कोणी खुन्नसने पाहिले, कोणी ‘काय बघतो रे?’ म्हटले, आणि सांबाराच्या वाटीसकट ट्रे उडाला. एकाची भुवई फुटली, एका दुकानाची काच तडकली. सुरक्षारक्षकांनी चौघांना धरले, पोलीस त्यांना ठाण्यात घेऊन आले. इथून पुढच्या साऱ्या कारवाईची दिशा एका गोष्टीवर ठरते : प्रत्येकाची जन्मतारीख.

चौघेही अठराच्या आतले असतील, तर अशा किरकोळ प्रकरणात एफआयआर नोंदवायचाच नाही, असे बाल न्याय कायद्याखालचे २०१६चे केंद्रीय आदर्श नियम सांगतात. बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याने ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करायची, मुलाच्या घरचा, शाळेचा, सोबतीचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल तयार करायचा आणि तो बाल न्याय मंडळाकडे पाठवायचा. मुलाला कोठडीत ठेवायचे नाही, बेडी घालायची नाही. पण चौघांतला एक जरी अठरा वर्षे दोन महिन्यांचा निघाला, तर सज्ञानासोबत केलेला गुन्हा म्हणून एफआयआरचा मार्ग खुला होतो. ट्रे तोच, काच तीच. दोन महिन्यांनी सगळे बदलते. म्हणून २०१५च्या बाल न्याय कायद्यातले वयनिश्चितीचे कलम ९४ वाचकांनी सावकाश वाचावे. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र आधी, तो नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी, असा तिथला क्रम आहे. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून मांडलेली माणसे आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत. त्या एका सवयीला कायद्यात केवढे वजन येऊ शकते, हे इथे उमगते.

आता सरकारी वकिलाकडे वळू. अमेरिकेत खटला भरायचा की नाही, हे मुख्यतः जिल्ह्याचा अभियोक्ता ठरवतो. तिथले लेखन वाचून आलेला अभ्यासक आपल्याकडे तसाच अधिकारी शोधू लागतो आणि गोंधळतो. आपल्याकडे तपास करून दोषारोपपत्र पाठवणे हे पोलिसांचे काम. सहायक सरकारी अभियोक्ता त्यानंतर न्यायालयात उभा राहतो. तरीही त्याच्या हातात बरेच काही आहे. न्यायालयाच्या संमतीने खटला मागे घेण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० ने त्याला दिला आहे. जामिनाला किती ताणून विरोध करायचा, हेही बऱ्याच अंशी त्याच्या विवेकावर असते. आणि १८ ते २१ वयातल्या मुलांसाठी १९५८चा परिविक्षा कायदा आहे. जन्मठेपेची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात एकविसाच्या आतल्या दोषी तरुणाला तुरुंगात पाठवायचे, तर न्यायालयाने कारणे नोंदवली पाहिजेत, असे त्याचे कलम ६ सांगते. मला हे कलम आपल्या कायद्यातले एक अत्यंत समंजस कलम वाटते. ते न्यायालयासमोर ठेवणारा सरकारी वकील आरोपीची बाजू घेत नसतो. तो आपले कर्तव्यच करत असतो.

अर्थात सगळे राडे सारखे नसतात. तलवारीने केक कापण्याचे वाढदिवस, नशेच्या गोळ्या (या शहरात त्यांना ‘बटण’ म्हणतात) ही प्रकरणे शस्त्र कायदा आणि अमली पदार्थांच्या कायद्याकडे जातात, आणि तिथे समज देऊन सोडणे पुरत नाही. सोळा वर्षांवरच्या मुलाने घृणास्पद गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर मंडळ प्राथमिक मूल्यांकन करते. पण संख्येने मोठा असतो तो फुटलेल्या भुवईचा आणि तडकलेल्या काचेचा वर्ग, आणि अभ्यासकांनी त्याच्याकडे फारसे पाहिलेले नाही.

मुलांना तुरुंगापासून दूर ठेवण्याच्या विचाराला महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. मुंबईत डेव्हिड ससून औद्योगिक शाळा १८५७ची, मुंबई बाल अधिनियम १९२४चा. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, म्हणून तो कायदा इथे नव्हता. तुरुंगांतल्या मुलांचा प्रश्न पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयात नेला आणि १९८६ साली त्यावर महत्त्वाचे आदेश झाले. आज बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्यासोबत दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, त्यांतली किमान एक महिला असते. बसायला उंच चौथरा नसतो, साक्षीदाराचा पिंजरा नसतो.

नव्या वाचकांनी सुरुवात मोठ्या निकालांपासून करू नये. सामाजिक पार्श्वभूमी अहवालाचा कोरा नमुना आधी पाहावा आणि त्यातले प्रश्न एकेक करून वाचावेत. भरलेले अहवाल तुम्हाला मिळणार नाहीत. मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याचे कलम ७४ मनाई करते, आणि अपिलाची मुदत संपल्यावर, घृणास्पद गुन्ह्यांचा अपवाद सोडता, त्याच कायद्याच्या कलम २४ नुसार नोंदीच नष्ट करायच्या असतात. मुलगा पुढे नोकरीला लागावा, म्हणून हा कागद नाहीसा होतो. तेव्हा निवृत्त परिविक्षा अधिकारी आणि सरकारी वकील भेटले, तर त्यांच्याजवळ बसा. मुलांची नावे विचारू नका. तो अहवाल हातात आला तेव्हा त्यांनी आधी कोणता रकाना वाचला, एवढे विचारा.