वीरगळावरील चंद्र-सूर्य

वीरगळावरील चंद्र-सूर्य : लढाईत किंवा गुरे राखताना मृत्यू आलेल्या वीराच्या स्मारकशिळेवर कोरलेली चिरंतनतेची खूण. भोर व वेल्हे (जि. पुणे) या मावळी मुलखात जुन्या देवळांच्या आवारात वीरगळ आढळतात. सामान्यतः तळाच्या चौकटीत झुंज व पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि वरच्या चौकटीत शिवलिंग पूजणारा वीर असतो. माथ्यावरील कलशाच्या दोन बाजूंना टोके वर केलेली चंद्रकोर व सूर्याची वाटोळी चकती असते.

शिवाच्या मस्तकी चंद्र असतो आणि शिळेवर पूजाही लिंगाचीच दिसते. म्हणून ही खूण शैव पंथाची असावी, असा आक्षेप घेता येतो. मात्र हीच जोडी दान मोडणाऱ्याला शाप देणाऱ्या गधेगळांवर, उदाहरणार्थ अक्षी (जि. रायगड) येथे, आणि कर्नाटकातील जैन दानलेखांवरही आहे. तेथे ना वीर आहे, ना लिंग. या सर्वांत समान आहे ती कीर्ती किंवा दान चंद्र-सूर्य असेपर्यंत टिकावे ही इच्छा. दानलेखांचा मजकूरही तिला दुजोरा देतो. प्राचीन ईजिप्तमध्ये चौथ्या घराण्याच्या काळापासून (इ. स. पू. सुमारे २६००) राजाच्या नावाभोवती कोरले जाणारे लांबट कडेही असेच शाश्वततेचे व संरक्षणाचे चिन्ह होते. दोहोंत संबंध जोडण्यास आधार नाही, पण नाव वा कर्म काळाच्या पलीकडे न्यावे ही प्रेरणा एकच. आज अनेक वीरगळ शेंदूर फासून देव म्हणून पुजले जातात. ही श्रद्धा आदरणीय आहे. तथापि जीर्णोद्धारात हे दगड पायात चिणले गेले, तर मावळच्या अनाम वीरांचा एकमेव पुरावा नष्ट होईल.