तोफेच्या पोटी आलेला संगणक

गढा ही गोंड राजांची जुनी राजधानी. आज ती जबलपूर शहरात मिसळून गेली आहे आणि शहराची नवी ओळख तोफगाडी कारखान्याने, म्हणजे ‘जीसीएफ’ने घडवली आहे. १९०४ मध्ये उभा राहिलेला हा कारखाना नावाप्रमाणे तोफांचे गाडे करण्यासाठी होता. ८ एप्रिल २०१९ रोजी तिथूनच पहिल्या सहा ‘धनुष’ तोफा लष्कराच्या हवाली झाल्या. १५५ मिलिमीटरची नळी, ३८ किलोमीटरचा पल्ला, कूळ बोफोर्सचे. आपण कुठे उभ्या आहोत, नळीचा रोख कुठे आहे, मागचा गोळा किती वेगाने सुटला हे या तोफेला स्वतःला कळते आणि पुढच्या गोळ्याचे गणित ती जागच्या जागी मांडते. गाड्यावर आता संगणकही बसला आहे.

लष्करी संगणक म्हणजे कचेरीतल्या यंत्राला चढवलेली पोलादी पेटी, असा आपला समज असतो. कुळकथा उलटी आहे. गोळा कुठे पडेल हे नळीच्या कोनाबरोबरच वारा, हवेची घनता, दारूचे तापमान आणि नळीची झीज यांवर ठरते. पूर्वी गोलंदाजांची सारी भिस्त आधी मांडून ठेवलेल्या कोष्टकांवर असे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत ही कोष्टके करायला माणसे पुरेनात. एका गोळ्याचा मार्ग मेजावरच्या गणनयंत्राने काढायला वीसेक तास लागत. त्यासाठी ‘एनिअ‍ॅक’ हा संगणक बांधला गेला. १९४६ मध्ये जगापुढे आलेल्या या यंत्राने तेच गणित अर्ध्या मिनिटात सोडवले. पण त्यात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि वजन तीसेक टन. तोफेसाठी जन्मलेले हे यंत्र तोफेपाशी नेणेच शक्य नव्हते.

१९६० च्या सुमारास ट्रान्झिस्टरवर चालणारा ‘फडॅक’ आला आणि संगणक प्रथमच तोफखान्याबरोबर रणांगणात हिंडू लागला. १९८२ च्या ‘ग्रिड कंपास’ या संगणकाने मॅग्नेशियमची घडीची पेटी आणली. त्यात माहिती साठवणारी फिरती तबकडीच नव्हती, त्यामुळे हादऱ्याने निखळण्यासारखे फारसे काही उरले नाही. तो अमेरिकी लष्करात आणि अवकाशयानांत वापरला गेला.

अशा यंत्राची रचना म्हणजे एकेका शत्रूशी केलेली तडजोड. पंखा लावावा तर तो धूळ आत ओढतो; म्हणून पेटी बंद ठेवायची आणि आतली उष्णता धातूच्या अंगावाटे बाहेर काढायची. सर्किटवर दमटपणा रोखणारा पातळ लेप द्यायचा. केबलची टोके फिरवून घट्ट बसणारी, बटणे हातमोज्यातूनही दाबता येतील एवढी. पडदा भर उन्हात वाचता यावा आणि रात्री शत्रूला दिसू नये. कडाक्याच्या थंडीत बॅटरीचा दम कमी होतो, पडदाही मंदावतो. त्याचीही सोय हवी.

हे साधले की नाही, हे चाचणी ठरवते. १९६२ मध्ये अमेरिकी हवाई दलाने ‘मिल-स्टँडर्ड-८१०’ हे मानक काढले. त्यातली प्रसिद्ध चाचणी पाडण्याची: माणसाला उचलता येणारे यंत्र १२२ सेंटिमीटरवरून काँक्रीटवर ठेवलेल्या प्लायवुडवर आदळायचे, सहा बाजू, बारा कडा, आठ कोपरे, एकूण २६ वेळा. भारतीय सैन्यदलांचे स्वतःचे मानक ‘जेएसएस ५५५५५’. धनुषची परीक्षा तर थेट मैदानात झाली: सिक्कीम आणि लेहची थंडी, बालासोरची दमट हवा, पोखरणची वाळू. आपल्या तोफखान्याच्या ‘शक्ती’ या संगणकीय यंत्रणेतही निरीक्षकाच्या हातात मावणारा आणि तोफेजवळ बसवायचा, असे दोन्ही प्रकारचे संगणक आहेत.

आता दुकानातल्या मोबाइलवरही ‘मिलिटरी ग्रेड’ असे छापलेले असते. हा दावा बहुधा याच ८१० मानकाचा असतो, पण त्याचे प्रमाणपत्र देणारे सरकारी कार्यालय कुठेही नाही. त्यातल्या कोणत्या चाचण्या करायच्या हे कंपनीच निवडते. तेव्हा पुढच्या खेपेला विक्रेत्याला एवढेच विचारा: कोणत्या चाचण्या केल्या, किती उंचीवरून पाडला आणि किती वेळा? उत्तर मिळाले नाही, तर त्या दोन शब्दांचे जादा पैसे मोजू नका.