लांबलेल्या लढतीचं भाकीत

एखादी लढत जितकी लांबते, तितके तिचा निकाल आधीच सांगणारे वाढत जातात. गंमत अशी की लांबल्यामुळेच त्यांचं काम अवघड होत असतं. लढत ठरवली गेली तेव्हाचे दोन खेळाडू आणि ती प्रत्यक्ष होते तेव्हाचे दोन खेळाडू, यांच्यात नावांपलीकडे फारसं साम्य उरलेलं नसतं. आपण मात्र पैज लावतो ती जुन्या दोघांवर.

मी ओमानात पोस्टडॉक म्हणून आलो, तेव्हा मस्कतमधल्या फिलिपिनो सहकाऱ्यांकडून एका सकाळची गोष्ट बऱ्याचदा ऐकली. ३ मे २०१५, रविवार. ओमानात २०१३ पासून शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, त्यामुळे रविवार हा आठवड्याचा पहिला कामाचा दिवस. लास वेगासमधली शनिवारची रात्र म्हणजे इथली रविवारची सकाळ. ऐन ऑफिसच्या वेळेत फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅकियाओ रिंगणात उतरणार होते. कुणी रजा टाकली, कुणी टेबलाखाली मोबाइल धरला, कुणी रात्रपाळी संपवून थेट मित्राच्या खोलीवर गेलं. भाकीत सगळ्यांचं एकच होतं: आपला मॅनी.

ही लढत सहा वर्षं जगाच्या तोंडी होती. २००९च्या अखेरीस बोलणी सुरू झाली आणि रक्ततपासणी कधी, किती वेळा करायची यावर फिसकटली. तेव्हाचा पॅकियाओ भन्नाट होता. एकेक वजनगट चढत तो आपल्याहून मोठ्या माणसांना लोळवत होता. पण मध्ये २०१२चा डिसेंबर आला. हुआन मान्युएल मार्केझच्या एका उजव्या ठोशाने सहाव्या फेरीत तो तोंडावर पडला आणि काही क्षण हललाच नाही. प्रत्यक्ष लढत झाली तेव्हा तो ३६ वर्षांचा होता, मेवेदर ३८ वर्षांचा. बारा फेऱ्या मेवेदर निसटत राहिला, अंतर राखून गुण गोळा करत राहिला आणि तिन्ही पंचांनी त्यालाच विजयी ठरवलं. एकाने ११८-११०, उरलेल्या दोघांनी ११६-११२. पॅकियाओचा उजवा खांदा आधीच दुखावलेला होता, हे नंतर बाहेर आलं आणि त्यावर शस्त्रक्रियाही झाली. एकट्या अमेरिकेत ४६ लाख घरांनी पैसे मोजून हा सामना पाहिला. त्यांतल्या अनेकांना वाटत होतं की आपण २००९ची लढत विकत घेतोय.

मेवेदर जिंकेल असं सांगणारे कमी नव्हते. सट्टेबाजांचा कौलही त्याच्याच बाजूने होता. पण मला रस आहे तो उलटं सांगणाऱ्यांमध्ये. आखातात घरकाम करणारी, हॉटेलात राबणारी, इस्पितळात रात्रपाळ्या करणारी माणसं पॅकियाओ जिंकणार म्हणत होती, तेव्हा ती ठोशांचा हिशेब करत नव्हती. पासपोर्टच्या रंगावर पगाराचा आकडा ठरतो अशा जगात आपल्यातला एक जण सगळ्यांत वर उभा राहावा, एवढं त्यांना हवं होतं. अशा भाकिताला इच्छा म्हणावं. ती चूक की बरोबर, हा प्रश्न तिला लागू पडत नाही.

इच्छा आणि भाकीत यांची गल्लत किती भयंकर होऊ शकते, ते पाहायला १९१०च्या उन्हाळ्यात जावं लागतं. कृष्णवर्णीय जॅक जॉन्सनने २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत टॉमी बर्न्सला हरवून हेवीवेट विजेतेपद मिळवलं होतं. गोऱ्या अमेरिकेला ते पचेना. जेम्स जेफ्रीस हा निवृत्त झालेला अपराजित विजेता. त्याने परत यावं आणि हा कलंक पुसून टाकावा, अशी हाकाटी सुरू झाली. जॅक लंडनसारखा लेखकही तीत सामील होता. जेफ्रीस सुमारे सहा वर्षं रिंगणात उतरला नव्हता, शेती करत होता आणि वजन इतकं वाढलेलं की लढतीसाठी सुमारे १०० पौंड उतरवावं लागलं. तरीही सट्टेबाजीत तोच वरचढ. ४ जुलै १९१० रोजी नेवाडातल्या रीनो गावात जवळजवळ वीस हजार लोकांसमोर जॉन्सनने त्याला पंधराव्या फेरीत संपवलं.

त्या रात्री अमेरिकेतल्या अनेक शहरांत दंगली उसळल्या, माणसं मारली गेली. मेलेल्यांत बहुतेक कृष्णवर्णीय होते. लढतीच्या चित्रफितीवर जागोजागी बंदी आली आणि १९१२मध्ये अशा चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर बंदी घालणारा कायदाच अमेरिकी काँग्रेसने केला. साम्राज्यालाही हीच धास्ती होती. १९११मध्ये लंडनला जॉन्सन आणि बॉम्बार्डियर बिली वेल्स यांची लढत ठरली, तेव्हा गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी ती होऊ दिली नाही. वसाहतींतल्या प्रजेने गोऱ्याला मार खाताना पाहिलं तर काय, ही चिंता त्या वादात उघड बोलली गेली होती. भाकीत खोटं ठरणं ज्यांना परवडत नव्हतं, त्यांनी लढतच रद्द केली.

त्याच १९१०च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये आपल्याकडचे काही पहिलवान आलेले होते. त्यांत गामा होता, त्याचा धाकटा भाऊ इमामबक्ष होता. उंची बेताची, त्यामुळे गामाकडे सुरुवातीला कुणी लक्ष दिलं नाही. ऑगस्टमध्ये त्याने अमेरिकेच्या बेंजामिन रोलरला दोनदा चीत केलं, आणि मग गाठ पडली पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झ्बिस्कोशी. तारीख १० सप्टेंबर. गामाने सुरुवातीलाच त्याला खाली घेतलं आणि झ्बिस्को जो गादीला चिकटला तो चिकटलाच. अडीच तासांहून जास्त वेळ तो बहुतेक हातापायांवर बसून राहिला. आपल्याकडच्या मैदानात अशा पहिलवानाची लोकांनी हुर्यो उडवली असती. तिथे कुस्ती बरोबरीत सोडवली आणि आठवड्याने पुन्हा लावायची ठरली. १७ सप्टेंबरला झ्बिस्को आलाच नाही. पट्टा गामाला मिळाला.

पण निकाली कुस्ती राहिली ती राहिलीच. ती व्हायला अठरा वर्षं लागली.

१९२८चा जानेवारी, पतियाळा, महाराजा भूपिंदरसिंगांचा आश्रय आणि हजारोंची गर्दी. त्या दिवशी, पुढे काय झालं हे ठाऊक नसताना तुम्हाला कुणी विचारलं असतं, तर? कागदावर झ्बिस्कोचं पारडं हलकं नव्हतं. १९२१मध्ये तो अमेरिकेत जागतिक विजेता झाला होता. १९२५मध्ये, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, त्याने ते पद पुन्हा मिळवलं होतं. तो सतत लढत राहिला होता. गामाला मात्र तोलामोलाचे जोडीदारच मिळत नव्हते. लंडनहून परतल्यावर रहीमबक्ष सुलतानीवालाशी त्याची मोठी कुस्ती झाली, पण पुढे त्याच्यासमोर यायला फारसं कुणी उरलं नाही. तोही आता पन्नाशीला टेकला होता.

कुस्ती एक मिनिटही चालली नाही. झ्बिस्को चीत.

आपल्याकडे ही गोष्ट सांगताना लंडन आणि पतियाळा एका दमात जोडले जातात: तिथे पळाला, इथे सापडला. ऐकायला छान वाटतं. इतिहासाची विद्यार्थी म्हणून विचाराल तर मला हा जोड सैल वाटतो. लंडनला गादी होती, नियम त्यांचे होते, प्रेक्षक त्यांचे होते. पतियाळात माती होती, नियम आपले होते, गर्दी आपली होती. पतियाळाचा निकाल पतियाळापुरता. १९१०ला कोण श्रेष्ठ होतं याचा पुरावा हवा असेल तर तो १९१०मध्येच आहे: अडीच तास एक माणूस कुस्ती करायला पाहत होता आणि दुसरा ती टाळत होता.

माती आणि गादी यांत काय फरक पडतो, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८च्या लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा ते लाल मातीत घडलेले होते. गादीची आणि तिथल्या नियमांची सवय नव्हती. सहावे आले. चार वर्षं त्यांनी त्या नियमांचा अभ्यास केला आणि १९५२ला हेलसिंकीत कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९४८चा निकाल पाहून १९५२चं भाकीत करणारा हमखास फसला असता. या उदाहरणात वाट पाहण्याचा फायदा झाला, कारण मधली चार वर्षं खाशाबांच्या कामी आली.

वाट पाहणं दोघांनाही सारखंच लागू होतं, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. जेफ्रीससाठी ती वर्षं सुस्तीची होती, जॉन्सनसाठी सरावाची. मेवेदरला थांबण्याने काही तोटा झाला नाही, पॅकियाओचा वेग मात्र त्या काळात झिजला. झ्बिस्कोने मधल्या अठरा वर्षांत दोनदा विजेतेपद मिरवलं आणि पैसा कमावला. गामाची तीच वर्षं प्रतिस्पर्ध्याविना गेली. त्या काळचा जगज्जेता म्हणवला जाणारा फ्रँक गॉच कधी गामासमोर उभा राहिला नाही. वर्षं दोन-दोनच्या करारांत मोजणाऱ्या आखातातल्या वाचकाला, आणि पोस्टडॉक करणाऱ्यांनाही, हे पटकन कळेल. थांबायला कुणाला परवडतं, हे ताकदीवर ठरतं, आणि ती ताकद नेहमी दंडातली नसते.

इथे ओमानात मला या प्रश्नाची एक वेगळीच बाजू दिसली. मस्कतच्या पश्चिमेला बातिना किनाऱ्यावर बर्का नावाचं गाव आहे. थंडीच्या दिवसांत शुक्रवारी दुपारनंतर तिथे बैलांच्या टकरी लागतात. गोल मैदान, बुटकी भिंत, भिंतीवर पांढऱ्या दिशदाशातले आजोबा आणि नातवंडं. बैल अंगावर आला की सगळे टुणकन मागे उड्या मारतात. वशिंडवाले दोन बैल शिंगाला शिंग लावून रेटारेटी करतात, काही मिनिटांत एक मागे सरतो किंवा पळ काढतो आणि माणसं दोरांनी त्यांना वेगळं करतात. रक्त सांडावं असा हेतू नसतो, पैजेचा पैसाही नसतो. जिंकलेल्या बैलाचा भाव वाढतो आणि मालकाचा मान.

मला तिथे लक्षात राहिली ती टकरीआधीची खलबतं. जाणकार मंडळी बैलांचं आकारमान पाहतात, आधीच्या टकरी आठवतात आणि मग कुणासमोर कोण हे ठरवतात. आपल्या जत्रेच्या मैदानात वस्ताद आणि पंच दोन पोरांना शेजारी उभं करून, दंड-मांड्या न्याहाळून जोड लावतात, अगदी तसंच. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात, शाहू महाराजांनी उभारलेल्या त्या लाल मातीच्या हौद्यातही, पहिली परीक्षा जोड लावणाऱ्याची असते. जोड विजोड झाली की लोक कुरकुरतात, चांगली लागली की जागचे हलत नाहीत. चांगली जोड म्हणजे जी लावणाऱ्यालाही निकाल सांगता येत नाही.

म्हणजे भाकीत करण्याची खरी विद्या जोड लावणाऱ्याकडे असते आणि तो ती निकाल अनिश्चित राहावा म्हणून वापरतो. त्यासाठी त्याला आजचे दोन गडी समोर उभे लागतात. सहा किंवा अठरा वर्षांपूर्वीची जोड आज लावता येत नाही. ती विरजण गेलेल्या दह्यासारखी असते. नाव तेच, चव गेलेली.

तेव्हा पुढच्या वेळी एखादी बहुप्रतीक्षित लढत जाहीर झाली आणि डब्यावर बसल्या बसल्या कुणी "कोण जिंकणार?" असं विचारलं, तर नावं बाजूला ठेवून चार गोष्टी विचाराव्यात. दोघं शेवटचे खरोखर कधी लढले? मैदान कुणाचं, माती की गादी? नियम आणि पंच कुणी ठरवले? आणि लढत इतकी वर्षं लांबली ती कुणाच्या सोयीने? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की निकालाचा बराच अंदाज येतो. पॅकियाओच्या बाबतीत आला असता. रीनोलाही आला असता, पण तिथे पैसे लावणाऱ्यांनी जेफ्रीसच्या कातडीचा रंग पाहिला, त्याची सहा वर्षं पाहिली नाहीत.

गामाच्या बाबतीत मात्र हे प्रश्न विचारून मला जिंकल्याचा आनंद होत नाही. पतियाळाला तो एका मिनिटाच्या आत जिंकला. लंडनला जेव्हा तो ऐन भरात होता, तेव्हा त्याला अडीच तासांत एकही खरी कुस्ती मिळाली नव्हती. त्या मधल्या अठरा वर्षांत तो कुणाकुणाला हरवू शकला असता, याचं भाकीत आता कुणालाच करता येणार नाही.