स्क्रू, लाकूडकामाचा
लाकडाचे दोन भाग घट्ट, परंतु पुन्हा सोडविता येतील असे जोडणारा, आटे पाडलेला धातूचा खिळा. इंग्लंडमध्ये जॉब व विल्यम वायट या बंधूंनी १७६० मध्ये स्क्रू यंत्राने घडविण्याचे एकस्व मिळविले, तर टोकदार स्क्रूचे एकस्व अमेरिकेत टॉमस स्लोन यांना १८४६ मध्ये मिळाले.

डोके, दांडा, आटे व टोक हे त्याचे भाग होत. पातळ फळीतून जाड भागात शिरणाऱ्या स्क्रूचा सुमारे दोन-तृतीयांश हिस्सा जाड भागात राहील अशी लांबी निवडतात. कठीण लाकडात गिरमिटाने आधी भोक न पाडल्यास लाकूड तडकते अथवा स्क्रू तुटतो (→ साग). तंतूंच्या आडव्या छेदात पकड कमी राहते. पितळी स्क्रू मऊ असल्याने त्याच मापाचा लोखंडी स्क्रू प्रथम पिळून आटे पाडतात व मग तो काढून पितळी बसवितात.

रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील पेण व रोहे या तालुक्यांत, जेथे खाडीची खारी हवा व पावसाळ्यातील दमटपणा यांमुळे उघडे लोखंड गंजते आणि रुंद फळ्या फुगतात, तेथे पितळी वा जस्तविलेपित स्क्रू आणि मेजाची फळी सरकू शकेल अशी लांबट भोके, ही दुहेरी तजवीज सांध्याच्या टिकाऊपणास कारणीभूत होते. (पहा : खिळा, सुतारकाम).