सभागृहातला प्रश्न आणि शस्त्रांचा व्यापार

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा घटना समितीपुढे मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संसदीय पद्धत का स्वीकारली याची कारणमीमांसा केली होती. अमेरिकन पद्धतीत स्थैर्य अधिक आहे, संसदीय पद्धतीत जबाबदारी अधिक आहे, आणि मसुद्याने जबाबदारीला अधिक मोल दिले आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. ही जबाबदारी दोन प्रकारे तपासली जाते. निवडणुकीत मतदार ती तपासतात, आणि रोजच्या रोज सभासद तपासतात. त्यांची साधने म्हणजे प्रश्न, ठराव, तहकुबीची सूचना, अविश्वासाचा ठराव. या दोहोंपैकी रोजची तपासणी अधिक परिणामकारक, असे बाबासाहेबांनी सांगितले.

या सबंध रचनेत एक गोष्ट गृहीत आहे. मंत्री उभा राहून जे उत्तर देईल ते खरे असेल. ते तसे नसेल तर रोजची तपासणी कशाची करायची? ज्या ब्रिटिश पार्लमेंटचा नमुना आपल्यापुढे होता, तिथेच हा प्रश्न इराकच्या शस्त्रव्यापाराच्या निमित्ताने उभा राहिला. ते प्रकरण आपल्याकडच्या कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी मुळातून समजून घ्यावे असे मला वाटते.

इराण आणि इराक यांचे युद्ध १९८० ते १९८८ असे आठ वर्षे चालले. १९८४ च्या अखेरीस ब्रिटिश सरकारने या दोन देशांना होणाऱ्या निर्यातीबाबत मार्गदर्शक तत्त्वे ठरवली. परराष्ट्रमंत्री सर जेफ्री हाऊ यांनी ती सभागृहाला सांगितली ऑक्टोबर १९८५ मध्ये, म्हणजे दहा महिन्यांनी. प्राणघातक शस्त्रे कोणालाच द्यायची नाहीत, आणि युद्ध लांबेल किंवा चिघळेल अशी सामग्री पुरवण्याचे नवे करार मंजूर करायचे नाहीत, हा त्यांचा गाभा.

मार्च १९८८ मध्ये हलबजा या कुर्द गावावर इराकी विमानांनी विषारी वायू सोडला. सुमारे पाच हजार माणसे मेली. ब्रिटनने संताप व्यक्त केला. ऑगस्टमध्ये युद्धबंदी झाली आणि इराकची बाजारपेठ खुणावू लागली. धोरण सैल करण्याचा विचार सुरू झाला. तेव्हा हाऊ यांच्या कार्यालयातून अशी सूचना गेली की, कुर्दांवरील अत्याचाराबद्दल इतक्यात संताप व्यक्त केलेला असताना शस्त्रविक्रीत ढिलाई दाखवली तर ते फार निर्लज्जपणाचे दिसेल. इथे ‘दिसेल’ हा शब्द महत्त्वाचा आहे. चिंता दिसण्याची होती. त्यावर उपाय निघाला तो दिसू न देण्याचा.

डिसेंबर १९८८ मध्ये विल्यम वॉल्डग्रेव्ह, अ‍ॅलन क्लार्क आणि लॉर्ड ट्रेफगार्न या परराष्ट्र, व्यापार आणि संरक्षण खात्यांच्या तीन कनिष्ठ मंत्र्यांनी तत्त्वांची सैल आवृत्ती आपसांत मान्य केली. सभागृहाला ती सांगितली नाही. सभासदांनी प्रश्न विचारले, नागरिकांनी पत्रे लिहिली. उत्तर ठरलेले होते: धोरणात बदल झालेला नाही.

मी ज्या घरातून आलो तिथे पहिला पदवीधर मीच. सही-शिक्क्याचा कागद आमच्या वडीलधाऱ्यांना वाचता येत नसे, पण त्यावर लिहिलेले खरेच असणार अशी त्यांची समजूत असे. मंत्र्याच्या सहीचे पत्र हातात पडलेल्या ब्रिटिश नागरिकाची समजूत काही वेगळी नसणार. सत्तेच्या लेखी शब्दावर सामान्य माणसाचा जो विश्वास असतो, त्याच भांडवलावर हा व्यवहार चालला होता.

मग हे बाहेर आले कसे? पार्लमेंटमुळे आले नाही. एप्रिल १९९० मध्ये टीसपोर्ट बंदरात जकात अधिकाऱ्यांनी इराककडे निघालेले प्रचंड पोलादी नळ अडवले. कागदोपत्री ते तेलरसायन उद्योगाचे पाइप होते. प्रत्यक्षात ते एका महाकाय तोफेचे भाग होते. सभागृहाच्या व्यापार व उद्योग समितीने चौकशी केली, पण तिला ज्या दोन निवृत्त अधिकाऱ्यांची साक्ष हवी होती, ते सरकारने तिच्यापुढे येऊ दिले नाहीत. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले. पुढच्या वर्षी ब्रिटिश सैनिक त्याच इराकशी लढले.

दुसरा धागा कॉव्हेंट्रीच्या मॅट्रिक्स चर्चिल कारखान्याचा. त्याची लेथ यंत्रे इराकमध्ये तोफगोळे बनवण्याच्या कामी आली. जकात खात्याने तिघा अधिकाऱ्यांवर खटला भरला. आरोप असा की, यंत्रांचा खरा उपयोग लपवून त्यांनी परवाने मिळवले. त्यांच्यापैकी व्यवस्थापकीय संचालक पॉल हेंडरसन हे ब्रिटिश गुप्तहेर खात्यालाच माहिती पुरवत होते! सरकारला सारे ठाऊक होते हे दाखवणारी कागदपत्रे बचाव पक्षाने मागितली, तेव्हा ती उघड करणे सार्वजनिक हिताचे नाही अशा प्रमाणपत्रांवर चार मंत्र्यांनी सह्या केल्या. न्यायाधीशांनी बरीच कागदपत्रे उघड करायला लावली. नोव्हेंबर १९९२ मध्ये उलटतपासणीत अ‍ॅलन क्लार्क यांच्या तोंडून खरी गोष्ट निघाली आणि खटला कोसळला. निर्दोष माणसे तुरुंगात गेली असती, पण कागद बाहेर येऊ नयेत, याला ‘सार्वजनिक हित’ हे नाव होते.

पंतप्रधान जॉन मेजर यांनी न्यायमूर्ती स्कॉट यांची चौकशी नेमली. १५ फेब्रुवारी १९९६ रोजी पाच खंडांचा, अठराशेहून अधिक पानांचा अहवाल प्रसिद्ध झाला. मंत्र्यांना तो आठ दिवस आधी मिळाला होता. विरोधी पक्षाच्या रॉबिन कुक यांना वाचायला काही तासच दिले. धोरणाची खरी स्थिती पार्लमेंटला सांगितली गेली नाही आणि हे जाणूनबुजून घडले, असा स्कॉट यांचा निष्कर्ष होता. मात्र वॉल्डग्रेव्ह यांचा फसवण्याचा हेतू नव्हता, असेही त्यांनी म्हटले. सरकारने ते दुसरे वाक्य उचलले. २६ फेब्रुवारीला मतदान झाले. ३२० विरुद्ध ३१९. सरकार एका मताने वाचले. एकाही मंत्र्याने राजीनामा दिला नाही.

व्यक्तींच्या खोटेपणाशी हे प्रकरण थांबवले तर त्यातला धडा हातून निसटेल. ज्या कायद्याखाली निर्यातीवर नियंत्रण होते तो सप्टेंबर १९३९ चा, महायुद्धाच्या तोंडावर घाईने केलेला. परवाने द्यायचे की नाकारायचे हे सर्वस्वी सरकारच्या हाती. पार्लमेंटच्या संमतीची गरज नाही. युद्ध १९४५ मध्ये संपले, कायदा राहिला. १९९० मध्ये तर तो कायमच करून टाकला. स्कॉट यांनी त्यावर कठोर टीका केल्यानंतर २००२ मध्ये नवा कायदा आला. त्याआधी १९९९ पासून निर्यात परवान्यांचा वार्षिक अहवाल निघू लागला आणि सभागृहाच्या चार समित्या एकत्र बसून तो तपासू लागल्या. परंतु परवाना देण्यापूर्वी आम्हाला विचारा, ही त्यांची मागणी सरकारने मानली नाही. स्वीडनमध्ये पक्षांचे प्रतिनिधी असलेल्या मंडळाशी आधी सल्लामसलत होते. ब्रिटनमध्ये माल गेल्यानंतर हिशेब. येमेनच्या युद्धात सौदी अरेबियाला दिलेल्या परवान्यांची पद्धत बेकायदेशीर असल्याचे जून २०१९ मध्ये सांगितले तेही अपील न्यायालयाने, एका नागरी संघटनेच्या दाव्यात. पुढच्या वर्षी परवाने पुन्हा सुरू झाले. २०२४ मध्ये ती संयुक्त समितीची व्यवस्थाही मोडली.

आपला याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. भारताची संरक्षण निर्यात २०२३-२४ मध्ये २१,०८३ कोटी रुपयांवर गेली. आपण आता विकणाऱ्यांच्या रांगेत आहोत. खडकी, देहूरोड, भुसावळ, अंबाझरी येथील ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या पगारावर आपल्या वस्त्यांतल्या कित्येक चुली पेटल्या, मुले शिकली. त्या कामगाराला पापाचा वाटेकरी ठरवणारा मी कोण? कॉव्हेंट्रीच्या कामगारालाही लेथ कुठे चालले हे कोणी विचारले नव्हते. म्हणूनच त्याच्या वतीने विचारण्याचे काम सभागृहाचे आहे. माल कोणाकडे जातो, कोणावर वापरला जातो, परवाना कोणी दिला, हे सभासदाने विचारले पाहिजे. उत्तर आले की ते कागदाशी ताडून पाहिले पाहिजे.

ही सवय आपल्या चळवळीला नवी नाही. अत्याचारांवरच्या किती प्रश्नांना ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ हे उत्तर मिळाले, हे आपण जाणतो. अस्पृश्यतेवरचा इलयापेरुमल समितीचा अहवाल १९६९ साली सादर झाला. त्यातल्या आकड्यांना धार आली ती बाहेर तरुणांनी ते वाचल्यावर आणि जाब विचारल्यावर. हलबजाचा कुर्द आणि गावकुसाबाहेरचा माणूस यांची दुःखे एक नाहीत. पण दोघांच्या बाबतीत सत्ता आधी संताप व्यक्त करते आणि मग फाईल बंद करते. घटनेच्या ७५ व्या कलमाने मंत्रिमंडळाला लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार धरले आहे. तिथे दिलेले प्रत्येक उत्तर छापील मिळते. आमच्या महाविद्यालयांतल्या मुलांनी ते वाचायला, तारखा लावून ताडून पाहायला शिकावे. बाबासाहेबांनी सांगितलेल्या रोजच्या तपासणीतले निम्मे काम सभागृहाबाहेरच्यांनाच करावे लागणार आहे.